विणलेलं घरटं पसरतं आणि पिल्लाचे पाय फाकतात: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. लोकरीचं देखणं घरटं, रंग छान जमलेले, आणि मधोमध पोटावर पालथं पडलेलं बुलबुलाचं नाहीतर साळुंकीचं पिल्लू. दोन्ही पाय बेडकासारखे बाजूला. खाली प्रश्न: "ताई, लोकर तर चांगली घेतली होती, मग असं का होतंय?"

घरट्यातून पडलेल्या, पोरक्या पिल्लांना ठेवण्यासाठी पुण्यातल्या एका पक्षी-उपचार केंद्राला मी गेली सात वर्षं अशी लोकरीची घरटी विणून देते. इतरांनी विणून पाठवलेली तपासून दुरुस्त करायचं कामही माझ्याकडेच आहे. दुरुस्तीच्या पिशवीत येणाऱ्या घरट्यांचा दोष बहुतेक वेळा हाच असतो: कडा बसतात, वाटीची थाळी होते आणि पिल्लाचे पाय जागेवर राहत नाहीत. लोकर महाग की स्वस्त याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. निम्म्याहून जास्त वेळा तर काही उसवावं लागत नाही, पाच मिनिटांत काम होतं. म्हणून खालचा क्रम सोडू नका. सुया हातात घ्यायची वेळ सगळ्यात शेवटी येते.

एक गोष्ट मात्र आधी. पिल्लू हाताला गार लागत असेल, कुठे रक्त दिसत असेल, मांजराने तोंडात धरलेलं असेल किंवा ते तोंड उघडून धापा टाकत असेल, तर घरट्याचं सगळं राहू द्या आणि थेट शेवटचा भाग वाचा.

लक्षणं

सगळ्यात ठळक म्हणजे पाय. नीट बसलेल्या पिल्लाचे पाय वरून दिसत नाहीत, ते पोटाखाली मुडपलेले असतात. वरून बघताना दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे पाय दिसले की काहीतरी चुकलंय. कधी एकच पाय बाहेर असतो. तोही तितकाच महत्त्वाचा, पण नेमका तोच नजरेतून सुटतो.

घरट्याची लक्षणं वेगळी. पहिल्या दिवशी ताठ असलेली कड दोन-तीन दिवसांत बाहेर वळते. तळ ओलसर राहतो, बोट लावलं तर गार लागतो. धुतल्यावर घरटं पायपुसण्यासारखं लुळं पडतं. पिल्लू सारखं कडेवर चढून बसतं किंवा सकाळी घरट्याबाहेर सापडतं. आतल्या बाजूला एखादा टाका ओढला जाऊन लोकरीचा फास वर आलेला दिसतो. तिथे नख अडकून गेलं असं समजायचं.

पाय का फाकतात?

हे कळलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळेल. बुलबुल, साळुंकी, चिमणी, दयाळ यांची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. पहिले काही दिवस हाडं अगदी मऊ असतात. खऱ्या घरट्याची वाटी अरुंद आणि खोल असते, त्यात दोन-तीन भावंडं एकमेकांना खेटून बसलेली असतात. बाजूंनी येणाऱ्या या दाबामुळे पाय पोटाखाली राहतात. शिवाय आतल्या मुळ्या, तंतू, काड्या बोटांना धरायला मिळतात. तीन बोटं पुढे, एक मागे, अशी मूठ वळायची सवय तिथेच लागते. बाजूचा दाब आणि पायाखालची पकड या दोन्ही गोष्टी गेल्या की पाय बाहेर सरकतात, आणि वाढणाऱ्या हाडाला तेच वळण लागतं. अशा पक्ष्याला पुढे फांदीवर बसता येत नाही. ज्याला फांदीवर बसता येत नाही त्याला सोडता येत नाही.

तेव्हा घरटं मऊ आहे का, यापेक्षा ते पिल्लाला धरून ठेवतं का, हे आधी बघायचं.

घरटं वाटीत ठेवलंय का?

ही पहिली तपासणी. खर्च शून्य, वेळ एक मिनिट. विणलेलं घरटं स्वतःच्या ताकदीवर उभं राहायला हवं हे खरं. पण चांगलं विणलेलं घरटंसुद्धा आठवडाभर पिल्लांचं वजन, ओल आणि हाताळणी सोसून उघड्यावर ताठ राहत नाही. केंद्रात प्रत्येक घरटं कुठल्या ना कुठल्या भांड्यात बसवलेलं असतं. फोटो पाठवणाऱ्या दहापैकी सहा-सात जणांनी ते नुसतं खोक्याच्या तळाशी ठेवलेलं असतं.

पाव किलो श्रीखंडाचा रिकामा डबा लहान घरट्याला चांगला बसतो. घरटं डब्यात जरा दाबूनच घालावं लागलं पाहिजे. सहज घरंगळत आत गेलं तर भांडं मोठं आहे; मग बाजूने जुन्या सुती कापडाची घडी खोचा, घरट्याच्या आतून नव्हे, बाहेरून. स्टीलची वाटीही चालते, पण ती लवकर गार पडते, म्हणून तिच्या खाली आणि भोवती कापड हवंच.

बसवल्यावर अंगठ्याने कड आत दाबून सोडा. वर उसळली तर ठीक. दबलेलीच राहिली तर पुढे वाचा.

घरटं पिल्लाच्या मापाचं आहे का?

मला विचाराल तर सगळ्यात जास्त पाय याच चुकीमुळे फाकतात. पिल्लाला ऐसपैस जागा मिळावी म्हणून लोक मायेने मोठं घरटं विणतात. पिल्लाला ऐसपैस जागा नको असते. त्याला दोन्ही बाजूंना भिंत लागली पाहिजे.

मी तीन मापं ठेवली आहेत. चिमणी, बुलबुल, दयाळ यांच्यासाठी आतला व्यास साधारण ७.५ सेंटीमीटर, साळुंकीसाठी १०, आणि होला, कावळा यांच्यासाठी १२ ते १५. शिंपी किंवा सूर्यपक्ष्याचं पिल्लू आलं तर लहान मापही त्यांना मोठंच होतं. खोली सगळ्यांना निदान ५ सेंटीमीटर. हे आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल, डोळ्यांनी तपासा: पिल्लू मध्ये बसलं की त्याच्या अंगात आणि भिंतीत तुमचं करंगळीचं टोक जेमतेम जावं. तळहात टेकेल इतकी जागा असेल तर घरटं फारच मोठं आहे.

घरटं मोठं असलं तरी ते फेकायचं नाही, उसवायचंही नाही. साध्या टिश्यू पेपरची सैल दोरीसारखी वळकटी करा, तिचं कडं करून घरट्याच्या तळाशी बसवा आणि त्यावर टिश्यूचा एक थर अंथरा. आतली जागा लगेच अर्ध्यावर येते.

गेल्या जूनमध्ये कढीपत्त्याच्या झाडाची छाटणी करताना बुलबुलाचं घरटं खाली आलं. दोनांतलं एकच पिल्लू जगलं. केंद्रात आलं तेव्हा डोळ्यांच्या फटी नुकत्याच उघडत होत्या आणि पंखांवर पिसांच्या निळसर नळ्या फुटलेल्या होत्या. ज्यांना सापडलं त्यांनी ते रात्रभर साळुंकीच्या मापाच्या घरट्यात ठेवलं होतं. भावंड नाही, भिंत लांब. डावा पाय पूर्ण बाहेर. डॉक्टरांनी पाय तपासून सांध्याला काही झालेलं नाही असं सांगितलं, मग आम्ही टिश्यूचं कडं घातलं. दोन तासांनी घास द्यायला उचललं तर त्याच्याबरोबर टिश्यूचा तुकडाही वर आला, कारण डाव्या पायाने तो घट्ट धरून ठेवला होता. एवढीशी ती मूठ, मागचं बोट पुढच्या बोटांवर येऊन बसलेलं. ते बघितल्यापासून मी माप तपासल्याशिवाय एकही घरटं पुढे पाठवत नाही.

आत काय अंथरलंय?

पिल्लू लोकरीवर थेट ठेवायचं नसतं. आत टिश्यूचा थर हवा, आणि घास देताना तो घाण झाला की लगेच बदलायचा. बुलबुल-साळुंकीची पिल्लं घास खाल्ल्यावर बहुधा लगेच शेपटीकडचा भाग वर करतात आणि विष्ठेची पांढरी, पातळ पापुद्र्याची थैली टाकतात. आई असती तर तिने ती चोचीत धरून लांब नेली असती. इथे ते काम आपलं.

टिश्यू इस्त्री केल्यासारखा सपाट घालू नका. आधी हातात चुरगळा, मग थोडा मोकळा करून अंथरा. त्या चुण्यांना बोटं अडकवता येतात. सपाट, गुळगुळीत थरावर पाय घसरतात आणि आपण मात्र लोकरीला दोष देत बसतो. टिश्यू बिनवासाचा, बिनरंगाचा घ्या.

आता आपल्या घरोघरी होणारी चूक. पिल्लू सापडलं की देवघरातला किंवा औषधाच्या डब्यातला कापूस काढून त्यावर ठेवलं जातं. कृपा करून कापूस वापरू नका. त्याचे तंतू ओल्या पायांभोवती गुंडाळले जातात, बोटांत पीळ बसतो, चोचीत जातात. बोटाला तंतूचा फास बसला की रक्त पुढे जात नाही, आणि ते बोट गळून पडतं. मी असं बोट पाहिलं आहे. बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडंसं मोठं, काळं, वाळलेलं. फासेदार टॉवेलही नको, त्याच्या प्रत्येक फाशात नख अडकतं. खरी काटक्यांची आणि गवताची घरटी गोळा करून त्यात पिल्लू ठेवणंही टाळा, त्यांत उवा-गोचिडीसारखे परजीवी असू शकतात. पिल्लाचं स्वतःचं घरटं त्याच झाडावर परत बांधून देणं ही वेगळी गोष्ट, ती जमत असेल तर नक्की करा.

धुतलं कसं, वाळवलं कसं?

"पहिल्यांदा छान होतं, धुतल्यावर असं झालं" हे वाक्य ऐकलं की मी पुढचं विचारतच नाही. गिझरचं कढत पाणी, नाहीतर वॉशिंग मशीनमधलं गरम चक्र, नाहीतर लवकर वाळावं म्हणून फिरवलेली इस्त्री. बाजारात मिळणारी बरीचशी लोकर ॲक्रिलिक असते, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच. जास्त उष्णता लागली की तिचा ताठपणा कायमचा जातो. ती लुळी आणि चकचकीत होते आणि नंतर काहीही केलं तरी पूर्ववत होत नाही. खऱ्या लोकरीचं उलटं: कढत पाण्यात चोळली की ती आटते, दाट होते, माप लहान होतं. ते एकवेळ चालेल, मापाचं असेल तिथे वापरता येतं. लुळं पडलेलं ॲक्रिलिक मात्र भांड्यातही उभं राहत नाही. अशा घरट्याची मी घडी करून खोक्याच्या तळाशी अंथरते.

धुवायचं कोमट पाण्यात, साध्या बिनवासाच्या साबणाने, आणि तीनदा तरी खळबळून. कपड्यांना मऊपणा आणणारी द्रावणं अजिबात नकोत. त्यांचा वास आणि थर मागे राहतो. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. मग योग्य मापाची वाटी पालथी घालून तिच्यावर घरटं टोपीसारखं चढवायचं आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवायचं. कडेला चिमटा लावून दोरीवर टांगलेलं घरटं ओलेपणाच्या वजनाने तिथल्या तिथे लांबतं. दोरीवर वाळत घातलेली घरटी बघायला छान दिसतात, पण एका दुपारीत वाया जातात.

जून-जुलैमध्ये घरटं आतून वाळायला दोन दिवसही लागतात. बाहेरून कोरडं वाटलं तरी तळाला गालाचा स्पर्श करून बघा. ओल असली की ती पिल्लाच्या अंगातली उष्णता ओढून घेते. बिनपिसांच्या पिल्लाला भोवती साधारण ३२ ते ३५ अंश उष्णता लागते आणि ती त्याला स्वतःची स्वतः निर्माण करता येत नाही. गारठलेलं पिल्लू पाय आखडत नाही, सोडून देतं. त्यामुळे कित्येकदा पाय फाकण्याचं कारण घरट्याचा आकार नसून ओला तळ असतो. केंद्राला घरटी देताना तीनच्या पटीत द्या असं मी म्हणते ते याचसाठी: एक वापरात, एक धुण्यात, एक कोरडं तयार.

लोकर कुठली आहे?

आता थोडं खर्चाचं. वेष्टन हरवलं असेल तर बोटभर धागा कापून, चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर खरी लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. कागदासारखा जळून मऊ राख राहिली तर सुती.

सुती धागा घरट्याला नको. पाणी धरून ठेवतो, जड होतो, वाळत नाही, आणि वजनाने कड खाली ओढतो. केसाळ, झिपऱ्या, मखमली लोकर तर हातातही घेऊ नका. दिसायला ती घरट्यासारखीच ऊबदार, पण तिचे केस जिभेला आणि नखांना गुंडाळले जातात. जरीचा किंवा टिकल्यांचा धागा नको. जुना स्वेटर उसवून विणायला हरकत नाही, मीही तसं करते, पण विरलेला धागा फेकून द्या. साधी चार पदरी ॲक्रिलिक, दोन धागे एकत्र धरून, हे मला आजवर सगळ्यात भरवशाचं वाटलं आहे.

वीण किती घट्ट आहे?

काडेपेटीतली एक काडी घ्या. तिचं गुलाचं टोक घरट्याच्या भिंतीत आतून बाहेर, जोर न लावता ढकलून बघा. सहज आरपार गेलं तर वीण सैल आहे. चिमणीच्या पिल्लाचं बोट या काडीहून बारीक असतं. ते भोकातून बाहेर जातं, मागे येताना नख अडकतं, पिल्लू ओढतं, आणि सांधा निखळतो किंवा टाका सुटून भोक आणखी मोठं होतं. सैल विणीचा दुसरा तोटा म्हणजे भिंतीत दमच राहत नाही.

उपाय म्हणजे दोन धागे आणि बारीक सुया. एरवी दुहेरी धाग्याला ५ किंवा ६ मिलिमीटरच्या सुया वापराल. घरट्याला ४ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्याकडच्या ८ नंबरच्या. हात दुखतो, हे खरंच. एका बैठकीत एकच घरटं करा. क्रोशा करणाऱ्यांचं काम इथे सोपं होतं: मुक्या खांबांची घट्ट वीण नैसर्गिकपणेच ताठ उभी राहते. साखळ्यांची जाळी असलेला कुठलाही नमुना मात्र बाद. आणि सुंदर जाळीदार कड काढायचा मोह होतोच. ती कड रुमालाला काढा.

तळ सपाट तर नाही ना?

इथवर सगळं बरोबर असूनही पाय फाकत असतील, तर दोष बांधणीत आहे आणि घरटं उसवून नव्याने विणायला हवं. घरटं रिकामं करून टेबलावर ठेवा आणि आत एक लिंबू सोडा. लिंबू मधोमध येऊन थांबलं तर तळ गोल आहे. बाजूला घरंगळून तिथेच राहिलं तर तळ सपाट आहे, आणि पिल्लाचे पायही तसेच बाजूला जाणार.

तळ सपाट होतो त्याचं कारण ठरलेलं: टाके फार भराभर कमी केलेले असतात. प्रत्येक ओळीत कमी केले की थाळी होते, एकाआड एक ओळीत केले की वाटी. लहान मापासाठी मी असं विणते. दुहेरी धाग्याने ४२ टाके घाला. सगळ्या ओळी सुलट विणत १२ सेंटीमीटर उंची करा. मग कमी करायला लागा: ५ सुलट, २ एकत्र, असं ओळभर, ३६ उरतात. पुढची ओळ साधी. मग ४ सुलट, २ एकत्र; ३० उरतात. पुन्हा साधी ओळ. असंच ३, २ आणि १ सुलट घेत, दर वेळी मध्ये एक साधी ओळ घालत १२ टाक्यांपर्यंत या. शेवटी ओळभर २-२ एकत्र करून ६ उरले की धागा त्यांतून ओवून गच्च आवळा आणि बाजूची शिवण घाला. आता वरची अर्धी भिंत बाहेरच्या बाजूला दुमडा. भिंत दुहेरी होते, कड गोल आणि जाड होते, आणि हीच दुहेरी कड घरट्याला उभं धरते.

टोकाचे धागे कमीत कमी एक वीतभर आत-बाहेर ओवून त्या दुमडीत लपवा. घरट्याच्या आत गाठ नको, लोंबतं टोक तर मुळीच नको. पाठवायच्या आधी मी आतून नखं फिरवते. माझं नख अडकलं तर पिल्लाचंही अडकेल.

हा साचा घरट्याची वाटी लागणाऱ्या पिल्लांसाठीच आहे. टिटवी, तितर, कोंबडी यांची पिल्लं जन्मतः पळणारी, त्यांना घरट्यात कोंबू नका. पोपट, तांबट, खंड्या ही बिळात-ढोलीत वाढणारी, आणि पोपट लोकर कुरतडून गिळतो. पाकोळीचं पिल्लू उभ्या पृष्ठभागाला लटकतं. आणि ही घरटी बाल्कनीत किंवा झाडावर चिमण्यांसाठी टांगायची नसतात. पावसात ती स्पंजासारखी भिजतात आणि सुटलेला धागा मोठ्या पक्ष्याच्या पायातही अडकतो.

घरटी विणून पाठवणार असाल तर केंद्राला आधी विचारा. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलच्या वाइल्डकेअर या वन्यजीव रुग्णालयासाठी स्वयंसेवक अशी घरटी विणून पाठवतात, त्यावरून मला ही कल्पना पहिल्यांदा समजली. पण २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियात वणवे पेटले तेव्हा जगभरातून विणलेल्या पिशव्या आणि घरट्यांचा इतका ओघ लागला की शेवटी तिथल्या गटांना आता पुरे असं सांगावं लागलं. आपल्या केंद्रांनाही कधी घरट्यांपेक्षा टिश्यूचे गठ्ठे जास्त हवे असतात. विचारलं की ते सांगतात.

कुठे थांबायचं

घरटं नीट केलं, माप जमवलं, तळ कोरडा केला, आणि तरीही काही तासांत पाय पोटाखाली आला नाही, तर तुमचं काम संपलं. त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पहिल्या काही दिवसांत हाड मऊ असताना डॉक्टर दोन्ही पाय योग्य अंतरावर बांधून ते वळणावर आणू शकतात. उशीर केला की वळण पक्कं होतं. यूट्यूब बघून स्वतः चिकटपट्टी लावू नका. पट्टी जरा घट्ट बसली तरी पाय जातो, आणि सांधा निखळलेला असेल तर बांधल्याने दुखापत वाढते. पाय नुसता फाकलाय की निखळलाय हे मला सात वर्षांनंतरही नुसतं बघून सांगता येत नाही.

बोटात धागा रुतला असेल आणि बोट सुजलं किंवा काळंनिळं झालं असेल तर ओढू नका. घरट्याचा धागा बाहेरच्या बाजूने कापा आणि पिल्लासकट न्या.

मांजराने तोंडात धरलं असेल तर जखम दिसत नसली तरी थांबायचं नाही. मांजराच्या दातांतून जाणाऱ्या जंतूंनी पिल्लू एक-दोन दिवसांत दगावतं, त्याला काही तासांत प्रतिजैविक मिळायला हवं. पंख लोंबतोय, रक्त येतंय, पिल्लू घासासाठी तोंड उघडत नाही, अंग गार आहे, मान एका बाजूला वळलीय: यांतलं एकही दिसलं तर घरट्यावर वेळ घालवू नका. तोवर चोचीत पाणी किंवा दूध घालू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, एक थेंबही तिकडे गेला तर फुप्फुसात जातो. दूध तर पक्ष्यांना पचतच नाही.

आणखी एक प्रसंग असा की ज्यात घरटंच लागत नाही. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, उड्या मारणारं पिल्लू अनाथ नसतं; ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच असतात. त्याला उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. बिनपिसांचं पिल्लू पडलं असेल आणि घरटं शाबूत असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज चुकीचा आहे.

आपल्याकडचे रानपक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली येतात. जीव लागला म्हणून त्यांना घरी वाढवता येत नाही. महाराष्ट्रात वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. तिथून जवळच्या बचाव पथकाचा किंवा केंद्राचा पत्ता मिळतो. बुटाच्या खोक्याला चार-पाच भोकं पाडा, घरटं डब्यासकट आत बसवा, एका बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे पिल्लाला ऊबही मिळेल आणि जास्त झाली तर दुसऱ्या बाजूला सरकताही येईल. कधी सापडलं, कुठे सापडलं आणि शेवटचं काय खायला दिलं, हे एका चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवा. झाकण लावा आणि निघा. वाटेत उघडून बघू नका.